तेलाचं उत्पादन विक्रमी, मग नवख्या इंजिनिअरला नोकरी का मिळत नाही?

२०२५च्या फेब्रुवारीत शेव्हरॉन या बड्या अमेरिकी तेल कंपनीने जाहीर केलं, की २०२६ संपेपर्यंत आपण जगभरातले १५ ते २० टक्के कर्मचारी कमी करणार आहोत. त्याच्या महिनाभर आधी ब्रिटनच्या बीपीने ४,७०० कर्मचारी आणि ३,००० कंत्राटी माणसं कमी करण्याची घोषणा केली होती. सप्टेंबरमध्ये कोनोकोफिलिप्सने २० ते २५ टक्क्यांचा आकडा सांगितला. आणि हे सगळं चालू असताना अमेरिकेतलं कच्च्या तेलाचं उत्पादन पूर्वी कधीच नव्हतं इतक्या उंचीवर होतं.

पेट्रोलियम, मेकॅनिकल, केमिकल किंवा भूशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली या बातम्या वाचतात आणि गोंधळून जातात. अर्जांना उत्तर येत नाही, आलंच तर ‘किमान तीन वर्षांचा अनुभव हवा’ एवढंच. घरच्यांना वाटतं, मूल पुरेसे हातपाय हलवत नाही. मुलाला वाटतं, आपल्यातच काही खोट आहे. बहुतेक वेळा या दोन्हींत तथ्य नसतं. अडचण या धंद्याच्या रचनेत आहे आणि ती रचना कळली, तर अर्ज कुठे करायचा आणि पैसा कशावर घालवायचा नाही, हे ठरवणं बरंच सोपं जातं.

‘तेल कंपनी’ म्हणजे नेमकं कोण?

जमिनीखालचं तेल आणि वायू शोधून वर काढणं याला अपस्ट्रीम म्हणतात. तो माल पाइपलाइन आणि जहाजांनी वाहून नेणं, साठवणं म्हणजे मिडस्ट्रीम. रिफायनरीत त्याचं इंधन आणि रसायनं करणं म्हणजे डाउनस्ट्रीम. कच्च्या तेलाचा भाव पडला की सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात मार बसतो तो अपस्ट्रीमला. रिफायनरी कच्चं तेल विकत घेते, त्यामुळे भाव पडला म्हणून तिचं नुकसान होईलच असं नाही.

दुसरी विभागणी नोकरी शोधणाऱ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. तेलक्षेत्राचा परवाना ज्या कंपनीकडे असतो आणि जी निर्णय घेते, ती ऑपरेटर. प्रत्यक्ष काम मात्र इतर कंपन्या करतात. रिग, म्हणजे विहीर खोदण्याची यंत्रणा, एकाची असते, सिमेंटिंग दुसऱ्याचं, खोदताना विहिरीत फिरवलं जाणारं ‘मड’ तिसऱ्याचं, जेवणखाण आणि साफसफाई चौथ्याची.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट झाला. विहीर बीपीची होती आणि जगभर नाव झालं तेही बीपीचं. पण त्या रात्री रिगवर असलेल्या १२६ जणांपैकी बीपीचे कर्मचारी फक्त सात होते. ७९ जण रिगची मालक असलेल्या ट्रान्सओशनचे होते आणि बाकीचे वेगवेगळ्या कंत्राटदारांचे. जे ११ जण गेले त्यांतले नऊ ट्रान्सओशनचे आणि दोघे मड पुरवणाऱ्या कंपनीचे. ऑपरेटरचा एकही नाही.

ही विभागणी फार बोलकी आहे. आपण ज्यांची नावं पेट्रोल पंपावर वाचतो, त्या कंपन्यांकडे साइटवरच्या एकूण कामातला छोटासा वाटा असतो. नवखी मुलं मात्र अर्ज करतात ते बहुतेक याच मोजक्या नावांकडे.

भाव चढला तरी भरती का होत नाही?

तेलाचा भाव कसा उसळतो आणि आपटतो ते पाहा. जुलै २००८मध्ये एका बॅरलला सुमारे १४७ डॉलर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चाळीसच्या खाली. जून २०१४मध्ये ब्रेंट तेल (जगभर भावासाठी प्रमाण धरलं जाणारं) ११५च्या आसपास. जानेवारी २०१६मध्ये तिसाच्याही खाली. २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा सौदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. विकणारा पैसे देऊन तेल घेऊन जायला सांगत होता, कारण ठेवायला जागा उरली नव्हती. दोन वर्षांच्या आत, मार्च २०२२मध्ये, ब्रेंट पुन्हा १२० डॉलरच्या वर गेलं.

असे तडाखे खाल्लेल्या कंपन्या आता भाव चढला म्हणून लगेच माणसं घेत नाहीत. नव्या प्रकल्पात पैसा घालायचा की नाही हे ठरण्याच्या टप्प्याला ‘अंतिम गुंतवणूक निर्णय’ म्हणतात. मोठी भरती त्याच्या पुढे सुरू होते. गयानाजवळच्या समुद्रात लिझा हे क्षेत्र २०१५मध्ये सापडलं, निर्णय झाला २०१७मध्ये आणि पहिलं तेल आलं डिसेंबर २०१९मध्ये. खोल समुद्राच्या मानाने हा वेग फारच चांगला मानला जातो. बातमीतला भाव आजचा असतो. भरती मात्र पुढच्या पाच-दहा वर्षांच्या अंदाजावर होते.

त्याहून खोल कारण वेगळंच आहे आणि मला वाटतं, कॉलेजात कुणी ते पुरेसं स्पष्ट सांगत नाही. तेच तेल काढायला आता कमी माणसं लागतात. बेकर ह्यूजेस ही कंपनी चालू रिग्ज मोजून दर आठवड्याला आकडा जाहीर करते. २०१४च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत १,९००हून जास्त रिग्ज चालू होत्या. मे २०१६मध्ये त्या ४०४ झाल्या आणि ऑगस्ट २०२०मध्ये अवघ्या २४४. पुढे त्या वाढल्या, पण जुन्या आकड्याच्या जवळपासही पोचल्या नाहीत. २०२३मध्ये त्या सातशेच्या आसपास होत्या. उत्पादन मात्र २०१४मध्ये रोज सुमारे ८८ लाख बॅरल होतं, ते २०२३मध्ये सुमारे १ कोटी २९ लाखांवर गेलं.

हे झालं कसं? आडव्या विहिरी लांबत गेल्या, एकाच जागेवर उभं राहून एक रिग अनेक विहिरी खोदू लागली, खोदण्याचा वेग वाढला. पूर्वी साइटवर बसणारा इंजिनिअर आता शेकडो किलोमीटर दूरच्या नियंत्रण कक्षात बसून एकाच वेळी अनेक विहिरींवर नजर ठेवतो. त्यात मोठ्या कंपन्या छोट्यांना गिळतात: एक्सॉनमोबिलने पायोनियर घेतली, शेव्हरॉनने हेस घेतली. दोन कंपन्या एक झाल्या की एकाच कामाची दोन-दोन माणसं होतात. जुन्यांचंच काय करायचं हा प्रश्न पडलेला असताना नवीन कोण घेणार?

पदवी हातात येईपर्यंत वारं फिरतं

एखाद्या पिकाला भाव मिळाला की पुढच्या हंगामात सगळे तेच लावतात आणि काढणीच्या वेळी बाजारात ढीग पडून भाव कोसळतो. पेट्रोलियमच्या पदव्यांचं तंतोतंत असंच होतं. तेल शंभर डॉलरवर असतं, तेव्हा बारावीतल्या मुलाला या शाखेचे पगार दिसतात आणि तो प्रवेश घेतो. चार वर्षांनी बाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याच विचाराने आलेले हजारो जण असतात आणि बाजार पडलेला असतो. मग बातम्या वाचून पुढची मुलं शाखेकडे पाठ फिरवतात आणि आणखी चार-पाच वर्षांनी माणसांचा तुटवडा होतो. इंजिनिअरांच्या बाबतीत पुरवठा आणि सुरुवातीचे पगार असे उलटसुलट हेलकावे खातात, हे अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिलं होतं.

म्हणजे तुम्ही कोणत्या वर्षी पास झालात, याचा तुमच्या पहिल्या नोकरीवर तुमच्या गुणांइतकाच परिणाम होतो. कधीकधी जास्तच. सारखेच गुण, सारखीच जिद्द असलेले दोन जण, एक २०१२चा आणि एक २०१६चा. दोघांचे रस्ते पार वेगळे झाले. हे अन्यायाचं आहे. पण निदान त्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेऊ नका.

‘अनुभव हवा’ म्हणतात, पण अनुभव देणार कोण?

हा राग रास्त आहे. तरी त्यामागची कारणंही पाहायला हवीत, कारण त्यांतली काही खरोखर जीवनमरणाची आहेत.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेल काढणाऱ्या फलाटावर १६७ माणसं मेली. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. दिवसपाळीत काम पुरं झालं नाही, उघड्या जागी नुसतं झाकण बसवलेलं होतं आणि ही माहिती रात्रपाळीच्या लोकांपर्यंत पोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच पंप चालू केला. पुढे लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून १०६ शिफारशी आल्या आणि वर्क परमिटची शिस्त, म्हणजे कोणतं काम कुणी, कुठे, कोणती लाइन बंद करून करायचं याची लेखी परवानगी, या धंद्याच्या हाडीमाशी भिनली. ती शिस्त पुस्तकातून येत नाही. म्हणून साइटवरचा मॅनेजर नवख्याला घ्यायला बिचकतो.

कित्येक कंपन्यांत सहा महिन्यांपेक्षा कमी अनुभव असलेल्याला वेगळ्या रंगाचं हेल्मेट देतात. त्याच्यावर लक्ष ठेवायला एक जुना माणूस नेमलेला असतो आणि एका टीममध्ये असे किती जण चालतील, यावर मर्यादा असते. समुद्रातल्या फलाटावर तर याहून साधी अडचण आहे: खाटा मोजक्या असतात आणि जीवरक्षक बोटीतल्या जागाही मोजक्या. एकूण किती माणसं चढवता येतील याचा आकडा ठरलेला असतो. शिकाऊ माणूस चढवायचा म्हणजे कामाचा एक माणूस उतरवायचा. पूर्वी ऑपरेटर त्या जागेचे पैसे मुकाट्याने देत असत. खर्चकपातीत ही जागा सर्वांत आधी गेली.

मला यात उद्योगाची मोठी चूक दिसते. नवखे घेणं बंद केलं की दहा वर्षांनी मधल्या अनुभवाची फळीच राहत नाही. १९८६च्या मंदीनंतर हेच झालं. भरती थांबली, आणि त्या पिढीची पोकळी कंपन्यांना पुढे दोन दशकं जाणवत राहिली. तोच धडा २०१५ आणि २०२० नंतर पुन्हा विसरला गेला.

मग सर्टिफिकेटं गोळा करावीत का?

बहुतेक वेळा नाही. निदान आधी नाही.

बोसिएट हा समुद्रावर जाण्यापूर्वीचा सुरक्षा-कोर्स. उलटलेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून पाण्याखालून बाहेर पडण्याचा सराव त्यात असतो. तो चार वर्षं चालतो आणि नोकरी पक्की झाली की कंपन्या बहुतेकदा स्वतःच करवून घेतात. नोकरी नसताना केला तर घड्याळ सुरू होतं आणि कागद कपाटात जुना होतो. विहिरीतला दाब आटोक्यात ठेवण्याचं आयडब्ल्यूसीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ड्रिलर किंवा सुपरवायझर पातळीचं प्रमाणपत्र दोन वर्षांचं असतं आणि रिगवर कधी पाय न ठेवलेल्या माणसाकडे ते असलं म्हणून त्याला कुणी ब्रेकजवळ, म्हणजे खोदकामाच्या नियंत्रणाशी, उभं करत नाही. प्रेशर व्हेसल, पाइपिंग आणि टाक्यांच्या तपासणीच्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ५१०, ५७० आणि ६५३ या परीक्षांना तर अनुभवाशिवाय बसताच येत नाही, मग क्लासवाल्यांनी काहीही सांगो.

याला एक अपवाद मी करेन: एनडीटी, म्हणजे वस्तू न तोडता तिच्यातले दोष शोधण्याच्या तपासण्या. अल्ट्रासोनिक, रेडिओग्राफी, डाय पेनिट्रंट वगैरे. इथेही प्रशिक्षणाच्या तासांबरोबर कामाचे तास लागतात, पण सहायक म्हणून सुरुवात करता येते आणि हे काम रिफायनरीपासून वीज केंद्रापर्यंत सगळीकडे चालतं.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगावीशी वाटते. ऑफर लेटर आधी आणि मग व्हिसा, मेडिकल किंवा ‘प्रोसेसिंग’च्या नावाने पैशांची मागणी आली, तर तिथेच थांबा. या उद्योगाच्या नावाने बनावट नोकऱ्यांचा बाजार फार मोठा आहे आणि जवळपास प्रत्येक मोठी कंपनी सांगत असते, की आम्ही उमेदवाराकडून पैसे घेत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७च्या १८१ क्रमांकाच्या कराराचं तत्त्वही हेच आहे, की खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये. आधीच खचलेल्या मुलाच्या आशेवर जगणारी ही माणसं आहेत.

आत शिरायचं कुठून?

भाव पडला तरी जे काम टाळता येत नाही, तिथून.

नवी विहीर पुढे ढकलता येते. गंजत चाललेली पाइपलाइन पुढे ढकलता येत नाही. कझाकस्तानजवळ कॅस्पियन समुद्रात काशागान हे प्रचंड तेलक्षेत्र आहे. २०००मध्ये सापडलेल्या या क्षेत्रातून सप्टेंबर २०१३मध्ये उत्पादन सुरू झालं आणि काही आठवड्यांतच थांबलं. तिथल्या वायूत हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण खूप आहे आणि त्याने पाइपांच्या पोलादाला तडे गेले. पाइपलाइन बदलून उत्पादन पुन्हा सुरू व्हायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात तेलाचा भाव कोसळला होता, जगभर माणसं घरी पाठवली जात होती. पण काशागानला धातू, वेल्डिंग आणि गंज यांतलं कळणारी माणसं हवीच होती.

रिफायनरीतले विभाग ठरावीक वर्षांनी पूर्ण बंद करून उघडले जातात. याला शटडाऊन म्हणतात. काही आठवड्यांसाठी शेकडो, कधी हजारो कंत्राटी माणसं लागतात आणि नेमकं याच काळात कंत्राटदाराला नवखा चालतो. काम दिसायला किरकोळ असतं: प्रत्येक वेल्डजॉइंटची नोंद ठेवणं, आयसोमेट्रिक ड्रॉइंग हातात घेऊन लाइन पायी तपासणं, हायड्रोटेस्टचे, म्हणजे पाण्याच्या दाबाने लाइन तपासण्याचे, टेस्ट पॅक तयार करणं, उरलेल्या कामांची पंच लिस्ट काढणं, प्लॅनरच्या हाताखाली वेळापत्रक अद्ययावत ठेवणं. पदवीधराला यात कमीपणा वाटू शकतो. पण चाळीस दिवस लाइनवर चाललेल्याला कारखाना जसा कळतो, तसा चार वर्षं वर्गात बसून कळत नाही. पी अँड आयडी, म्हणजे कोणता पंप, व्हॉल्व्ह आणि मीटर कुठे जोडलाय याचं ड्रॉइंग, त्यानंतर डोळ्यांसमोर जिवंत होतं.

अपस्ट्रीममध्येच जायचं असेल तर सर्व्हिस कंपन्यांकडे वळा. भूशास्त्रवाल्यांसाठी मड लॉगिंग हे जुनं प्रवेशद्वार आहे: विहिरीतून वर येणारे दगडाचे तुकडे ठरावीक अंतराने गोळा करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, सोबत येणारा वायू मोजायचा. इंजिनिअरांसाठी मड इंजिनिअर, वायरलाइन (तारेने उपकरणं विहिरीत सोडून मोजमाप), खोदताना मोजमाप करणारी एमडब्ल्यूडीची कामं. पाळ्या लांब, झोप कमी आणि मंदीत सर्वांत आधी कपात यांच्यावरच. हे माहीत असूनच जावं. पण दीड-दोन वर्षांत जेवढं शिकायला मिळतं, तेवढं ऑपरेटरच्या ऑफिसात पाच वर्षांत मिळेलच असं नाही.

‘पण हा धंदाच संपत चाललाय ना?’

जग आज रोज दहा कोटी बॅरलहून जास्त तेल वापरतं. ते उद्या थांबणार नाही आणि चालू विहिरींचं उत्पादन आपोआप घटत असल्यामुळे नुसतं आहे तिथे टिकायलाही काम करत राहावं लागतं. तरीही चाळीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढे ठेवून कुणी आज यात येऊ नये, असं माझं मत आहे. वडीलधाऱ्यांच्या पिढीचा हिशेब इथे चालत नाही.

कौशल्याचा विचार केला तर चित्र बरंच आशेचं आहे. जुनी क्षेत्रं बंद करणं हा स्वतंत्र मोठा उद्योग झालाय. २०१७मध्ये उत्तर समुद्रातल्या ब्रेंट डेल्टा फलाटाचा २४,००० टनांचा वरचा भाग एका जहाजाने एकाच वेळी उचलून नेला. विहिरी कायमच्या बुजवायला त्या खोदणाऱ्यांचंच ज्ञान लागतं. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या खडकात भरला जातोय. तिथे लागणारं शास्त्र तेलसाठ्याचंच आहे, फक्त प्रवाह उलटा. भूगर्भातली उष्णता वापरून वीज करणाऱ्यांनीही आडव्या ड्रिलिंगचं तंत्र तेलवाल्यांकडूनच उचललं आहे.

दोन वर्षं गेली आणि अजून काहीच नाही, तर?

तर शेजारच्या दारातून जा. पंप, कॉम्प्रेसर, टर्बाइन, हीट एक्स्चेंजर, रिलीफ व्हॉल्व्ह ही उपकरणं खत कारखान्यात, वीज केंद्रात, रसायनांच्या प्लँटमध्ये तीच असतात आणि त्यांचे नियमही पुष्कळसे तेच. तिथे तीन वर्षं रोटेटिंग इक्विपमेंट, म्हणजे फिरती यंत्रं, सांभाळलेला माणूस रिफायनरीच्या भरतीत अनुभवी म्हणूनच बसतो. उलट, ‘तेलच हवं’ म्हणून घरी बसलेला माणूस तीन वर्षांनी फ्रेशरही राहत नाही, कारण त्याच्यामागून नव्या तुकड्या आलेल्या असतात.

काम कुठलंही मिळो, अगदी तीन आठवड्यांच्या शटडाऊनचं, त्याची नोंद स्वतः ठेवा. तारीख, उपकरण, दाब आणि तापमान किती, तुम्ही नेमकं काय केलं, सुपरवायझर कोण. कंपनीच्या गोपनीय ड्रॉइंग्जना हात लावू नका, पण तुमच्या कामाचं वर्णन हे तुमचं आहे. एनडीटीचे तास असतील तर मालकाची लेखी पावती लागते. इन्स्पेक्शनच्या परीक्षेचा अर्ज भरताना अनुभवाचा तपशील द्यावा लागतो. मुलाखतीतही ‘मेहनती आहे’ यापेक्षा ‘अमुक इतक्या लाइन्सच्या हायड्रोटेस्टला उभा होतो, गळती फ्लँजवर सापडली, गॅस्केट बदललं’ हे वाक्य कितीतरी पुढे नेतं. ही सही-शिक्क्याची कागदपत्रं गेटपास परत करायच्या आधी घ्या. शटडाऊन संपला की कंत्राटदाराची टीम दोन दिवसांत पांगते आणि सही करू शकणारा माणूस तोवर दुसऱ्या साइटवर पोचलेला असतो.